जुना पट्टा दाखवा

आपण घरात काही नवीन बसवलं, हे चीफ पेडणेकरांना कधी सांगू नये.

आमच्या ब्लॉकमधल्या एका काकूंचा गुडघा बदलला, तेव्हा आम्ही सगळे संत्री घेऊन त्यांना भेटायला गेलो होतो. चीफही आले. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून घेतली, काकूंच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "जुना कुठाय?"

काकूंना प्रश्न कळला नाही. चीफनी शांतपणे समजावून सांगितला. डॉक्टर म्हणतो नवा गुडघा बसवला, ठीक. नवा बसला म्हणजे जुना निघाला. मग तो तुम्हाला दाखवला का? नाही दाखवला? मग बदलला कशावरून?

त्यानंतर आठवडाभर काकूंचा तो नवा गुडघा जुन्यासारखाच दुखत होता, असं त्यांचे यजमान सांगतात. चीफना त्या घरी दिवाळीचा लाडू मिळत नाही तो तेव्हापासून.

चीफ म्हणजे चीफ इंजिनिअर. मूळचे रत्नागिरीकडचे. सगळं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, आणि निवृत्त झाल्यावर इथे परदेशात, क्लेमेंटीत, आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या दोन मजले खाली, एकटेच राहतात. जहाजावरची पद्धत अशी, की इंजिनाचा कुठलाही भाग बदलला तर काढलेला भाग चीफपुढे आणून ठेवायचा. 'बदलला' या शब्दाला तिथे किंमत नाही. तेलाने माखलेला, झिजलेला तुकडा हातात द्यायचा, चीफनी तो उलटापालटा करून पाहायचा, मगच काम झालं. चीफ जहाजावरून उतरले, पण ही पद्धतही त्यांच्याबरोबर उतरली आणि क्लेमेंटीत राहायला आली.

लिफ्टची तार बदलल्याची नोटीस खाली लागली, तेव्हा त्यांनी जुनी तार पाहायला मागितली. ब्लॉकच्या कार्यालयातल्या मुलीने कळवलं की आपला अभिप्राय नोंदवून घेतला आहे, धन्यवाद. चीफ पुढे कितीतरी दिवस जिन्याने जात-येत होते. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावर बिनसाखरेची कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेतली तर आधी कप ढवळायचा आणि चमचा बाहेर काढून त्याच्या टोकाकडे पाहायचं. बसच्या ॲपवर 'दोन मिनिटांत' असं आलं, तर ते ॲपकडे न पाहता रस्त्याच्या वळणाकडे पाहतात. त्यांची बायको एक दिवस कायमची रत्नागिरीला परत गेली. हेही ते आपणच सांगतात, अगदी निर्विकारपणे. "जाते म्हणाली, मी मानलं नाही. रिकामं कपाट दाखवलंन, तेव्हा मानलं."

त्यांची मुलगी सेरंगूनला असते. ती दर रविवारी फोन करते आणि इंग्रजीत बजावते, पा, पीपल टॉकिंग लाह, असं लोकांना विचारत सुटू नका. चीफ म्हणतात, कोण पीपल? नावं सांग.

या माणसाने आयुष्यभर तीन मजली घराएवढी इंजिनं चालवली, पण त्यांना मोटार चालवता येत नाही. शिकलेच नाहीत. त्यांचं म्हणणं असं की चाक धरणं हे ब्रिजवरच्या लोकांचं, कॅप्टन वगैरे मंडळींचं काम. पांढरे कपडे घालून दुर्बिणीतून बघणाऱ्यांचं. "आम्ही इंजिनरूमवाले. जहाज कुठे चाललंय हे आम्हाला बंदर आल्यावर कळतं." त्यामुळे त्यांना गाडी नाही, परवाना नाही, आणि दुसऱ्यांच्या गाड्यांची चिंता मात्र अखंड आहे.

मराठी मंडळी कुठे जमली, की लोक एकमेकांना कसे आहात म्हणून विचारतात. चीफ विचारतात, बेल्ट की चेन?

ज्यांना त्यांची सवय नाही ते गोंधळतात. मग चीफ त्यांना बाजूला घेतात. गाडीच्या इंजिनात वर व्हॉल्व्ह असतात, खाली पिस्टन. एक वर यायचा तेव्हा दुसऱ्याने वाट सोडायची. कोणी कधी वाट सोडायची हे ठरवून देणारा एक पट्टा असतो, दातेवाला, रबराचा. टायमिंग बेल्ट म्हणतात तो. काही गाड्यांत त्या जागी साखळी असते. साखळी तुटायच्या आधी कुरकुरते. सकाळी गार इंजिन सुरू केलं की खडखड ऐकू येते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, एकूण ती तुम्हाला सूचना देते. तिला वेळच्या वेळी तेल बदलून दिलं की पुष्कळ वर्षं जाते. पट्टा तसा नाही. तो बोलत नाही. कालपर्यंत चालतो आणि आज तुटतो. तुटला की पिस्टन वर येतो, व्हॉल्व्ह खालीच असतात, आणि दोघांची टक्कर होते. इंजिन गेलं. "माझी कुठली आहे?" असं समोरच्याने घाबरून विचारलं, तर चीफचं उत्तर ठरलेलं: पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक ग्लोव्हबॉक्समध्ये असतं. आणि तुमच्या ग्लोव्हबॉक्समध्ये टिश्यूचे पुडे असतात.

एकदा पुण्याहून नव्याने आलेल्या एका मॅनेजरने त्यांना सांगितलं, की आमची गाडी इलेक्ट्रिक आहे, तिला दोन्ही नाही. "मग आपल्याला बोलायला काही उरलं नाही," चीफ म्हणाले, आणि चिवड्याच्या ताटाकडे वळले.

या देशात पट्ट्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, याचंही कारण त्यांनी शोधून ठेवलं आहे. इथे गाडी ठेवायची तर सरकारचा परवाना लागतो, सीओई. तो दहा वर्षांचा. दहा वर्षं झाली की बहुतेक लोक गाडी मोडीत काढतात. पट्टा म्हातारा व्हायच्या आधीच गाडी जाते, त्यामुळे त्याचं वय मोजायची कोणाला सवयच नाही. पण ज्यांचा आपल्या गाडीत जीव अडकलेला असतो ते सीओई वाढवून घेतात. ते विमा बघतात, टायर बघतात, सीटची कव्हरं नवी करतात, आणि पट्टा विसरतात. वर मीटर दाखवून म्हणतात, गाडी फिरलीय कुठे एवढी? चीफ यावर चिडतात. रबर किलोमीटर वाचत नाही. त्याला वर्षं कळतात आणि उष्णता कळते. शिवाय जाममध्ये एसी लावून उभं राहिलात तरी इंजिन फिरतंच. जहाजावर आम्ही मैल मोजत नव्हतो, तास मोजत होतो. मीटर की वर्षं, जे आधी भरेल ते धरायचं. आणि पट्टा बदलताना पाण्याचा पंपही बदलायचा, कारण तिथपर्यंत पोचायला पुन्हा तेवढंच खोलावं लागतं.

"परवाना सरकार वाढवून देतं," ते म्हणायचे. "रबराला कोण वाढवून देणार?"

हे वाक्य त्यांनी मुख्यतः माझ्या नवऱ्यासाठी तयार केलं होतं. सुधीरनेही सीओई वाढवून घेतला होता.

सुधीर तुआसला एका कारखान्यात होता. रोज सकाळी आपल्या निळ्या गाडीने एक्स्प्रेसवेवरून जायचा आणि संध्याकाळी यायचा. चीफ त्याचे मित्र. वयात अंतर होतं, पण रविवारी सकाळी दोघं हॉकर सेंटरच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे, एकाची कोपी, एकाचा 'ते तारिक' म्हणजे दुधाचा चहा, आणि दोन तास कशावरून तरी भांडायचे. सुधीरला चीफची नक्कल उत्तम जमायची. मी पोळ्या केल्या असं म्हटलं की तो घरात विचारायचा, पीठ कुठाय? चीफना हे ठाऊक होतं आणि त्यांना ते आवडायचं, असा माझा समज आहे.

मी स्वतः त्या टेबलावर फारशी गेले नाही. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात अर्धवेळ काम करते, आणि रविवारची सकाळ मला वाचायला लागते. चीफ मला 'वहिनी' म्हणतात आणि माझ्यापुढे थोडे जपून बोलतात.

तर एका दिवाळीत फराळाला आम्ही सगळे जुरोंग ईस्टला एकांच्या घरी जमलो होतो. चीफनी नेहमीप्रमाणे विषय काढला. आणि सुधीरने, हातातल्या चकलीचा तुकडा मोडत, सांगितलं की पट्टा बदलला. गेल्याच आठवड्यात. चीफचं तोंड बंद करायला पंपसुद्धा बदलला.

लोक हसले. चीफ हसले नाहीत.

"जुना पट्टा दाखव."

सुधीर म्हणाला, वर्कशॉपवाल्याने टाकून दिला असेल, मी ऑफिसातून गेलो, गाडी ठेवली, संध्याकाळी घेतली.

"मग बदलला कशावरून?"

"चीफ, मी खोटं बोलतोय का?"

इथे खरं तर चीफनी थांबायला हवं होतं. त्यांच्या मनात एवढंच होतं की वर्कशॉपवाल्याने सुधीरला फसवलं असेल. पण ते जे बोलले ते असं: "तू 'झालं' म्हणतोस, सुधीर. तुझं 'झालं' आम्हाला माहीत आहे."

हसणारे लोक आणखी हसले, कारण ते खरं होतं. कामं पुढे ढकलायची आणि विचारलं की 'झालं' म्हणायचं, ही सुधीरची खोडच होती. विजेचं बिल भरलं म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप भरायचा. गावी फोन केला म्हणायचा आणि बाल्कनीत जाऊन करायचा. त्यात लबाडी नव्हती, फक्त थोडा आळस होता, आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. पण दहा माणसांसमोर, स्वतःच्या मित्राने म्हटल्यावर ते वेगळं लागलं असावं. सुधीरने बशी खाली ठेवली. मला म्हणाला, चल.

त्यानंतर रविवारी सुधीर हॉकर सेंटरच्या दुसऱ्या टोकाला बसू लागला. चीफ आपल्या कोपऱ्यात. एकाच छपराखाली, दोन टेबलांवर, दोघं एकेकटे. मी सुधीरला म्हटलं, जाऊ दे ना, म्हातारा माणूस आहे. तो म्हणाला, म्हातारा नाही, पोलीस आहे.

आणि फेब्रुवारीत एका सकाळी सुधीर उठला नाही. झोपेतच गेला होता. हृदय.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्या आठवड्यात सुधीरने पट्टा बदलला असं म्हटलं, त्याच आठवड्यात तो छातीच्या तपासणीलाही जाऊन आला होता. म्हणजे तसं म्हणाला होता. त्याला मधूनमधून जडपणा वाटायचा, आणि मी पाठीस लागले होते. संध्याकाळी घरी आला, बूट काढता काढता म्हणाला, गाडीचं झालं, माझंही झालं, सगळं ठीक आहे. मी चहा ठेवला. पुढे काही विचारलं नाही. विचारणं हे आमच्या घरात चीफचं काम होतं.

तो गेल्यावर कितीतरी दिवस मी यातल्या कशाचाही विचार केला नाही. विचार आला तो डिसेंबर जवळ आल्यावर. आम्ही दर डिसेंबरमध्ये गाडीने मलेशियात पोर्ट डिक्सनला जायचो, समुद्रावर चार दिवस. यंदा आमची मुलगी मेलबर्नहून येणार होती आणि तिला तिथेच जायचं होतं, त्याच गाडीने. मी हो म्हटलं. गाडी मला चालवता येते.

ही बातमी चीफना लिफ्टमध्ये मीच सांगितली. त्यांनी आधी विचारलं, पाऊण टाकी भरून जायचं लक्षात आहे ना, नाहीतर सीमेवरून परत पाठवतात. मी म्हटलं, आहे. लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबली. ते उतरले नाहीत. दार बंद होऊ नये म्हणून त्यांनी हात आडवा धरला आणि खाली पाहत म्हणाले, "वहिनी, हायवेवर जायच्या आधी पट्टा एकदा बघायला हवा."

मी म्हटलं, सुधीरने बदलला होता.

दार त्यांच्या हातावर आपटत होतं, उघडत होतं, पुन्हा आपटत होतं. मग त्यांनी हात काढला.

घरात आल्यावर मला संताप आला. हा माणूस गेलेल्या मित्राशी सुरू असलेला वाद जिंकायला निघाला आहे, असं वाटलं. दहा महिने झाले तरी याचा संशय सुटत नाही. मी ठरवलं, दाखवायचं नाही.

पण संशय ही गोष्ट संसर्गजन्य असते. आधी मी वर्कशॉपवर संशय घेतला. ते कुठलं, हेसुद्धा मला माहीत नव्हतं, तुआसच्या बाजूचं काहीतरी. मग चीफवर घेतला, की यांना नक्की काय हवंय. आणि शेवटी, स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं लावताना, मी सुधीरवर संशय घेऊ लागले. पट्ट्याचं 'झालं' जर नेहमीसारखं 'झालं' असेल, तर मग त्याच दमात म्हटलेलं दुसरं 'झालं' काय होतं? तो डॉक्टरकडे गेला होता की बूट काढता काढता मला गप्प बसवलं होतं? गेला असेल तर नशिबाचा भाग. नसेल गेला तर मी काय करायचं?

पट्ट्यावरून डॉक्टर सिद्ध होत नाही, एवढं मला कळतं. तरीही मला तो पट्टा नवा निघायला हवा होता. आणि चीफना, माझ्या मते, जुना.

एका सकाळी मी खाली जाऊन त्यांची बेल वाजवली आणि म्हटलं, चला, बघून टाकू.

चीफनी निवडलेलं वर्कशॉप बुकित बातोकच्या बाजूला आहे, एका इमारतीत मजल्यामजल्यांवर वर्कशॉपंच वर्कशॉपं. तिथे त्यांना सगळे ओळखतात. आम्ही शिरलो तसा एक जण आत पाहून ओरडला, शो-मी अंकल आले. मालक, साठीचा चिनी गृहस्थ, हात पुसत बाहेर आला. चीफ किती वेळा वेगवेगळ्या मराठी माणसांच्या गाड्यांबरोबर इथे येऊन बसले आहेत, याची त्याने मला हसत कल्पना दिली. मग त्यांच्याकडे वळून म्हणाला, "अंकल, यू इंजिनिअर ऑर पोलीस आह?"

सुधीरनेही हेच म्हटलं होतं. चीफना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. ते एरवी अशा वेळी काहीतरी उत्तर देतात. त्या दिवशी त्यांनी नुसती गाडीची किल्ली पुढे केली.

पट्टा बघायला फार वेळ लागत नाही. बदलायचा तर दिवस जातो, पण नुसता बघायचा तर इंजिनाच्या बाजूचं वरचं प्लास्टिकचं झाकण काढलं की वरचा भाग दिसतो. मालकाने स्वतःच स्क्रू सोडवायला घेतले. चीफ वाकून उभे होते, हात पाठीमागे, अगदी डॉक्टर पेशंटला तपासण्याआधी उभा राहतो तसे. मी दोन पावलं मागे होते. खरं सांगायचं तर मला पुढे जायचा धीर नव्हता. जुना पट्टा कसा दिसतो हे चीफच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं, की न पाहताच ओळखला असता: दात्यांच्या बुडाशी बारीक भेगा, पाठ गुळगुळीत आणि चकचकीत, कडा उसवलेल्या, कधी तेलाचा ओशटपणा.

झाकण निघालं. चीफनी टॉर्च मागितला. उजेड आत सोडला. मालकाला म्हणाले, फिरवा. त्याने पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवलं, आणि पट्टा हळूहळू पुढे सरकत गेला. चीफ टॉर्च धरून त्याचा एकेक दाता पाहत होते. पुन्हा फिरवा, म्हणाले. पट्टा पुन्हा सगळा फिरला.

मग ते बाजूला झाले आणि मला म्हणाले, "या, वहिनी. बघा."

मी वाकले. काळं, दाट, कोरडं रबर. दाते अगदी धारदार, आणि पट्ट्याच्या पाठीवर कंपनीची पांढरी छापील अक्षरं, थोडी पुसट झालेली, पण सहज वाचता येत होती. शेजारी पाण्याचा पंप, तोही त्या सगळ्या काळवंडलेल्या धातूत वेगळा उठून दिसणारा, नवा.

"बदललेला आहे," चीफ म्हणाले. "चांगला बदललाय. पुष्कळ वर्षं जाईल."

मालक म्हणाला, गुड बेल्ट, नो प्रॉब्लेम, हॉलिडेला जा. मी हसले असेन. मला एकदम खूप हलकं वाटत होतं, लहान मुलासारखं, आणि त्या भरात मी चीफकडे पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा ते कोपऱ्यातल्या जुन्या टायरवर बसले होते. टॉर्च अजून हातात होता, चालूच. मालकाने झाकण बसवायला घेतलं आणि टॉर्च परत मागितला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

मला वाटलं होतं, चुकले म्हणून त्यांची मान खाली गेली असेल. इतके दिवस ज्या वादात आपण बरोबर होतो असं धरून चाललो, तो हरलो म्हणून. मनातून थोडा आनंदही झाला होता, तो लपवण्यात अर्थ नाही.

परतताना ते माझ्या शेजारी बसले. पट्टा लावून घेतला, सीटचा, आणि गुडघ्यांवर हात ठेवून समोर पाहत राहिले. या गाडीत ते फराळानंतर पहिल्यांदाच बसत होते. जुरोंगच्या बाजूला आल्यावर कुठेतरी बोलायला लागले, तेही माझ्याशी बोलत असल्यासारखे नव्हे.

म्हणाले, त्या फराळानंतर ते रोज सकाळी आमच्या बहुमजली गाडीतळाच्या रॅम्पसमोरच्या बस स्टॉपवर जाऊन बसायचे. बस धरायची नसायची. बस आली की हात हलवून पुढे जा म्हणायचे. निळी गाडी रॅम्पवरून उतरून एक्स्प्रेसवेच्या दिशेने वळली, की उठून घरी जाऊन चहा करायचे. संध्याकाळी पुन्हा. संध्याकाळी ब्लॉकखालच्या बाकावर बसायचे, तिथूनही रॅम्प दिसतो. गाडी परत येऊन वर चढली, की मग जेवायला बसायचे. कधी कधी सुधीरला उशीर व्हायचा. तेव्हा बसून राहायचे.

"तुआसला जाणारे ट्रक तुम्ही बघितलेत ना, वहिनी. मधल्या लेनमध्ये, त्या वेगात, इंजिन बंद पडलं तर मागचा थांबतो का?"

मी विचारलं, मग त्याच्याशी बोलला का नाहीत?

चीफ म्हणाले, "काय बोलणार? माफी मागायची, तर तो खरा असायला हवा. भांडायचं, तर खोटा. मला दोन्हीतलं काही माहीत नव्हतं." मग म्हणाले, "म्हटलं, येतोय ना रोज घरी. मग बोलू. सावकाश बोलू."

पुढे क्लेमेंटीचा सिग्नल लागला. आम्ही थांबलो. चीफ खिडकीतून बाहेर पाहत होते, आणि मी त्यांना तसंच पाहू दिलं.

सुधीर गेला त्या सकाळचं मला फार थोडं आठवतं. ॲम्ब्युलन्सला फोन केला होता, ती यायची होती. मुलीला, गावी, कोणालाच अजून कळवलं नव्हतं. शेजाऱ्यांनाही नाही. मी पलंगाच्या कडेला बसले होते आणि बेल वाजली. ॲम्ब्युलन्सच असेल म्हणून धावत जाऊन दार उघडलं. दारात चीफ होते, धापा टाकत. लिफ्टची वाट न पाहता जिन्याने चढून आले असावेत.

ते म्हणाले, "वहिनी, गाडी खाली आली नाही."

तेव्हा मला वाटलं होतं, या माणसाला आजही गाडीचंच पडलंय. मी नुसती बाजूला झाले, आणि चीफ चपला बाहेर काढून आत आले.